भाड्याचे घर आणि १४८ गुण



मागील अंकात बँक खात्यांवरील वारसनोंदीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत मात्र निराळाच प्रश्न होता. मुलगा अथवा मुलगी नोकरीनिमित्त नेदरलँड्सला निघाली आहे. तेथे घर भाड्याने घेताना काय पाहावे, अनामत किती द्यावी, एजंटाच्या शब्दावर कितपत विसंबावे? आमचे चिरंजीव २०२५च्या जानेवारीपासून आइंडहोवन शहरी असतात, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. त्या वर्षी एप्रिल ते जुलै असे व्हिसाच्या मर्यादेतील ९० दिवस सौ. आणि मी त्यांच्याकडे राहून आलो. त्या मुक्कामात एका भाडेकराराच्या कागदांशी माझा जो संबंध आला, तो चौतीस वर्षांच्या नोकरीत हाताखालून गेलेल्या कोणत्याही दस्तऐवजापेक्षा मला अधिक शिकवून गेला. तेव्हा या वेळी तोच विषय घेतो.

आइंडहोवन हे फिलिप्स कंपनीचे गाव. १८९१ साली विजेचे दिवे बनवण्यासाठी हा कारखाना तेथे निघाला आणि त्याच्या वाढीबरोबर गाव वाढत गेले. आसपासची पाच खेडी १९२० साली शहरात विलीन झाली. त्यांपैकी वून्सेल हे रेल्वेमार्गाच्या उत्तरेचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातील कामगारांसाठी तेथे ओळीने घरे आणि तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. आज शेजारच्या फेल्डहोवनमध्ये संगणकाच्या चिपा तयार करणाऱ्या यंत्रांचा एएसएमएल हा जगप्रसिद्ध कारखाना आहे. त्यामुळे पुण्या-बंगळूरूकडील अभियंते तेथे मोठ्या संख्येने जातात आणि शहराच्या मध्यभागातील भाडी न परवडणारी मंडळी वून्सेलकडे वळतात. आमच्या चिरंजिवांचे घर तेथेच, एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही आणि जिना असा उभा की पहिल्या दिवशी सौ.नी मध्येच थांबून मला विचारले, ‘‘हा जिना आहे की शिडी?’’ खाली वाण्याची दुकाने नाहीत, रिक्षा नाही, आरडाओरडा नाही. घरांच्या दर्शनी खिडक्या प्रचंड मोठ्या आणि बहुतेकांचे पडदे उघडेच. सायंकाळी रस्त्याने जाताना घराघरांतील जेवणाची टेबले दिसतात. आपण संकोचून मान वळवावी, तर आतील माणूस हात हलवतो.

हे घर मिळण्यापूर्वीची कथा मात्र सोपी नव्हती. कंपनीने राहण्याची सोय केली होती ती दोन महिन्यांपुरती. नेदरलँड्समध्ये १९०१ सालच्या गृहनिर्माण कायद्यापासून ना-नफा तत्त्वावरील गृहसंस्थांची मोठी परंपरा आहे. देशातील चारांपैकी एकाहून अधिक घर अशा संस्थांच्या मालकीचे आहे आणि त्यांची भाडी बेताची असतात. हे ऐकून आपल्या मनात आशा उत्पन्न होते. परंतु ही घरे उत्पन्नाची मर्यादा पाहून आणि नोंदणीच्या क्रमाने दिली जातात. मोठ्या शहरांत हा क्रम येण्यास दहा-दहा वर्षे लागतात. नव्याने आलेल्या परदेशी अभियंत्याला तो दरवाजा जवळजवळ बंदच समजावा. उरतात ती खासगी मालकांची घरे. एकेका घरासाठी अर्ज भरायचा, मालकाच्या एजंटाने बोलावले तर दहा-बारा जणांच्या रांगेत दहा मिनिटे घर पाहायचे, तीन पगारपत्रके आणि नोकरी देणाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करायचे आणि उत्तराची वाट पाहायची. मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट, काही ठिकाणी चौपट असावे, अशी अट असते. चिरंजिवांनी असे अकरा अर्ज केले आणि अकराही ठिकाणी नकार आला.

त्यांपैकी एका नकाराविषयी येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. एका एजंटाने दूरध्वनीवर आडवळणाने विचारले की, तुम्ही घरात ‘करी’ पुष्कळदा शिजवता काय? चिरंजीव म्हणाले, आम्ही कांदा-लसूणही खात नाही. त्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि दुसऱ्या दिवशी नकाराचे पत्र आले. त्या देशात २०२३च्या जुलैपासून ‘सुयोग्य घरमालक’ या अर्थाचा एक कायदा लागू आहे. भाडेकरूची निवड कोणत्या निकषांवर होणार हे त्यानुसार आधी सांगावे लागते आणि वंश वा धर्म यांवरून भेद करता येत नाही. कायदा असा असूनही प्रश्न विचारला गेलाच. चिरंजीव संतापून मला हे सांगत होते, तेव्हा मी गप्प होतो. सांगलीतील आमची एक सदनिका गेली बारा वर्षे भाड्याने दिलेली आहे. तिच्या जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ ही ओळ मीच घालत आलो आहे. तो माझा आग्रह मी सोडला आहे असे नव्हे. मी जे मानतो ते मानतो. परंतु तोच प्रश्न उलट्या दिशेने आपल्या मुलाच्या अंगावर येतो तेव्हा कसा लागतो, हे प्रथमच कळले. त्यानंतर जाहिरातीतील ती ओळ वाचताना पूर्वीसारखे निश्चिंत वाटत नाही, एवढे खरे.

बाराव्या खेपेला फसवणुकीचा प्रसंग थोडक्यात टळला. एक सुंदर घर, भाडे बाजारभावापेक्षा बरेच कमी. मालक म्हणे परदेशी आहे, म्हणून घर प्रत्यक्ष पाहता येणार नाही. पण अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे भरताच किल्ली कुरियरने येईल. चिरंजिवांनी मला रात्री अकराला फोन केला. मी फक्त एवढेच विचारले की, हा मनुष्य घराचा मालक आहे याचा कागद कोठे आहे? नेदरलँड्समध्ये मिळकतींची सरकारी नोंदवही आहे. तिला कडास्टर म्हणतात. किरकोळ शुल्क भरून कोणालाही कोणत्याही घराचा मालक त्यात पाहता येतो. आपल्याकडे सात-बारा वा मिळकतपत्रिका पाहतो तसेच हे. चिरंजिवांनी पाहिले तर मालकाचे नाव निराळेच निघाले. ज्यांची मुले तिकडे निघाली आहेत त्यांनी हा एक नियम लिहून ठेवावा: घर आतून पाहिल्याशिवाय आणि मालकाची खातरजमा केल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. पारपत्राची प्रत द्यावी लागली तर तिच्यावरील नागरिक क्रमांक झाकावा आणि प्रत कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेस दिली हे तिच्यावर आडवे लिहावे. यासाठी तेथील सरकारने एक मोबाइल अॅपही काढले आहे. आमच्या काळी आम्ही हेच निळ्या शाईच्या पेनाने करीत असू.

अखेर मार्चमध्ये वून्सेलमधील घर मिळाले. ६६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७१० चौरस फूट. दोन झोपण्याच्या खोल्या, एक लहान सज्जा, तळमजल्यावर सायकली ठेवण्याची कोठडी. भाडे महिना १,३५० युरो. जाहिरातीत घराचे वर्णन ‘काल’ असे होते. डच भाषेत या शब्दाचा अर्थ उघडेबोडके. आपण समजतो की फर्निचर नसेल. प्रत्यक्षात दिवे नव्हते, पडद्यांच्या दांड्या नव्हत्या आणि फरशीच्या जागी कोरे काँक्रीट होते! जुना भाडेकरू स्वतः घातलेली लाकडी जमीनदेखील उचलून घेऊन गेला होता. तिकडे ही रीतच आहे. जाणारा भाडेकरू येणाऱ्याला विचारतो की जमीन, पडदे विकत घेतोस काय; सौदा जमला नाही तर तो सारे काढून नेतो. ‘काल’च्या वरची पायरी म्हणजे जमीन आणि पडदे असलेले घर, आणि त्याहून वरची म्हणजे पूर्ण सजवलेले. जाहिरातीतील हा एक शब्द न समजल्याने चिरंजिवांना पहिले नऊ दिवस काँक्रीटवर गादी टाकून झोपावे लागले.

भाड्याखेरीज वीज, गॅस आणि पाणी यांचे पैसे निराळे. विजेचे व गॅसचे पैसे दरमहा अंदाजाने भरायचे आणि वर्षाअखेर हिशेब व्हायचा. कचऱ्याचा नगरपालिका-कर भाडेकरूकडून घेतात आणि पाणीमंडळाचाही एक कर असतो. समुद्रसपाटीखालच्या त्या देशात बांध आणि कालवे सांभाळणारी ही मंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. म्हणजे देश कोरडा ठेवण्याची वर्गणी भाडेकरूलाही चुकत नाही! आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चार महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणाऱ्याने पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत त्या पत्त्यावर नाव नोंदवायचे असते. त्यावरून नागरिक क्रमांक मिळतो. पगार, बँकेचे खाते, आरोग्यविमा सारे त्या क्रमांकाला बांधलेले. ‘या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही’ असे एखादा मालक म्हणाला, की त्या घराकडे पाठ फिरवावी. तो मनुष्य काहीतरी लपवीत आहे असे समजावे.

आता मुख्य विषयाकडे येतो. आमच्या मजल्यावर समोरच्या दारात एक वृद्ध बाई एकट्या राहतात. वय ८१. त्यांचे यजमान फिलिप्समध्ये होते. सौ.ना इंग्रजी बेताचे आणि त्यांनाही. तरी दोघींचे सकाळचे चहापान सुरू झाले. एके दिवशी बोलता बोलता आजीबाईंनी विचारले, ‘‘भाडे किती देता?’’ आपल्याकडे हा प्रश्न सहज विचारतात, तिकडे सहसा विचारत नाहीत. आकडा ऐकताच त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘या घराला एवढे गुण नाहीत.’’

गुण म्हणजे काय, हे समजून घेण्यात माझे पुढचे दोन दिवस गेले. त्या देशात घराला परीक्षेसारखे गुण मिळतात. खोल्यांच्या प्रत्येक चौरस मीटरला एक गुण. कोठडीसारख्या जागेला त्याहून कमी, मीटरला पाऊण गुण. तापणाऱ्या खोल्यांचे निराळे, न्हाणीघराचे निराळे. ऊर्जेची बचत किती होते याची ए ते जी अशी श्रेणी असते. चांगल्या श्रेणीला अधिक गुण आणि वाईट श्रेणीला उलट वजाबाकी. सज्जा वा अंगण मुळीच नसेल तर तेही वजा. नगरपालिकेने घराचे जे करमूल्य ठरवले असेल त्याचेही गुण आहेत. हे मूल्य संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, शेजाऱ्याच्या घराचेसुद्धा! सर्व गुणांची बेरीज करायची आणि कोष्टकात पाहायचे की एवढ्या गुणांना जास्तीत जास्त किती भाडे घेता येते. ही पद्धत जुनीच, पण पूर्वी ती स्वस्त घरांपुरती होती. जुलै २०२४च्या ‘परवडणारे भाडे’ कायद्याने ती मध्यम भाड्याच्या घरांनाही बंधनकारक झाली. १४३ गुणांपर्यंतचे घर खालच्या गटात, १४४ ते १८६ गुणांचे मध्यम गटात. १८७ वा अधिक गुण असतील तरच मालकाला भाडे मोकळेपणाने ठरवता येते. २०२५ साली खालच्या गटाची कमाल मर्यादा ९००.०७ युरो होती आणि मध्यम गटाची १,१८४.८२ युरो. आकडे दर वर्षी बदलतात. शिवाय जानेवारी २०२५पासून नव्या कराराला हा गुणांचा तक्ता जोडणे मालकावर बंधनकारक आहे.

आमच्या कराराला तो जोडलेला नव्हता. चिरंजीव आणि मी रविवारी पट्टी घेऊन घर मोजावयास बसलो. बेरीज आली १५१. म्हणजे भाडे फार तर ९५० युरोंच्या आसपास. महिन्याला ४०० युरो, वर्षाला ४,८०० युरो अधिक जात होते. आपल्या रुपयांत साडेचार लाखांहून अधिक.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर जो वाद झाला तो मला आजही आठवतो. चिरंजीव म्हणाले, ‘‘अण्णा, जाऊ द्या. बारा ठिकाणी हिंडून हे घर मिळाले आहे. मालकाशी वैर घेतले आणि त्याने बाहेर काढले तर बाळंतपण तोंडावर आलेले असताना आम्ही जायचे कोठे?’’ मलाही तेच पटत होते. शिवाय माझे बँकेचे संस्कार. सही केली आहे, आकडा मान्य केला आहे, आता कुरकुर कसली? परमुलखात आपण पाहुण्यासारखे नीट राहावे. आम्ही दोघे पुरुष असे शहाणपण सांगत असताना सूनबाईंनी शांतपणे विचारले, ‘‘पण तो काढणार कसा? करारात काय लिहिले आहे ते वाचले का कोणी?’’

मी वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी, चष्मा पुसून, भाषांतर समोर ठेवून, प्रत्येक कलम. कराराला मुदत नव्हती. जुलै २०२४पासूनच्या दुसऱ्या एका कायद्याने विद्यार्थ्यांसारखे काही अपवाद सोडून घरभाड्याचा करार बेमुदत असणे हा नियम झाला आहे. भाडेकरूला वाटेल तेव्हा एक महिन्याची सूचना देऊन घर सोडता येते. मालकाला मात्र कायद्यात दिलेल्या मोजक्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही, आणि भाडेकरू कबूल नसेल तर न्यायालयात जावे लागते. घर विकले तरी भाडेकरू तेथेच राहतो; नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकेच. हे वाचल्यावर मला जे उमगले ते असे: भाडे योग्य आहे का, असे विचारण्याचा हक्क तक्त्याने दिलेला नाही, तो या बेमुदतपणाने दिला आहे. गुणांचे कोष्टक कितीही सूक्ष्म असो, विचारणाऱ्याला पुढच्या महिन्यात सामान बांधावे लागणार असेल तर कोण विचारील? आपल्याकडे १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली ‘लिव्ह अँड लायसन्स’चा अकरा महिन्यांचा करार सर्रास होतो. मुदत संपली की घर सोडायचे. त्या अकरा महिन्यांत गळका नळ दुरुस्त करा म्हणणारा भाडेकरूदेखील दोनदा विचार करतो, कारण बाराव्या महिन्यात काय होईल हे मालकाच्या हाती असते.

मालकाला रीतसर पत्र लिहिले. आजीबाईंनी ते डच भाषेत नीट करून दिले. तीन आठवडे उत्तर आले नाही. मग हूरकोमिसी, म्हणजे घरभाड्याचे वाद सोडवणारे जे राष्ट्रीय मंडळ आहे, तिकडे अर्ज केला. शुल्क २५ युरो. निकाल बाजूने लागल्यास तेही परत. वकील लागत नाही. करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हे केलेले बरे, असे मी सर्वांना सुचवीन.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही परतण्यापूर्वी, मंडळाची निरीक्षक बाई तपासणीला आली. तिशीची असेल, खांद्याला पिशवी, हातात लेसरचे मोजयंत्र. मालकही आले होते. बाईने चहा नम्रपणे नाकारला. भिंतीला यंत्र टेकवून प्रत्येक खोली मोजली, खोल्यांतील तापक मोजले, कोठडी उघडून पाहिली. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ती जरा थांबली. ओटा एक मीटर ते दोन मीटर असेल तर ४ गुण, दोन मीटर वा अधिक असेल तर ७. आम्ही पट्टी लावली होती तेव्हा दोन मीटर भरला होता. तिच्या यंत्रात १ मीटर ९६ सेंटिमीटर आला. मालकांनी पुन्हा मोजायला सांगितले. तिने मोजले. १.९६. चार सेंटिमीटरांनी तीन गुण गेले आणि बेरीज १४८वर आली. आमच्याच मोजणीतील चूक आमच्याच फायद्याची निघाली. शाखेत तपासणीस येणाऱ्या ज्या अधिकाऱ्यांना आम्ही मनातल्या मनात शिव्या देत असू त्यांची मला आठवण झाली आणि प्रथमच त्यांच्याविषयी आदर वाटला.

बाई गेल्यावर मालक दाराशी रेंगाळले. साठी ओलांडलेले, निवृत्त शाळामास्तर. मनुष्य वाईट नव्हता. हिवाळ्यात घर तापवणारे यंत्र बंद पडले तेव्हा त्याच संध्याकाळी माणूस पाठवला होता, असे चिरंजिवांनीच सांगितले होते. मी निवृत्त बँकवाला आहे हे कळल्यावर ते इंग्रजीत म्हणाले, ‘‘मग तुम्हाला कळेल. हे घर म्हणजे माझे निवृत्तिवेतन आहे. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. या भाड्यात हिशेब बसत नाही. मी विकून टाकीन.’’ मला खरोखरच कळत होते. या कायद्यानंतर अनेक लहान मालकांनी भाडेकरू गेला की घर विकण्यास सुरुवात केली आहे. त्यामुळे ज्यांना घर मिळाले ते सुरक्षित झाले आणि रस्त्यावर रांगेत उभ्या असलेल्यांसाठी घरे आणखी कमी झाली. ही तक्रार तेथे सर्रास ऐकू येते आणि ती खोटी नाही. आमच्यासारख्या रांगेतून आत शिरलेल्यांनी ती निदान ऐकून तरी घ्यावी. मी त्यांना उत्तर दिले नाही. माझ्यासमोर जो मनुष्य उभा होता तो मला फार ओळखीचा होता.

कारण मीही घरमालकच. चार वर्षांपूर्वी आमच्या सांगलीच्या सदनिकेतून एक तरुण शिक्षक दांपत्य गेले. जाताना मी अनामतीतून १५,००० रुपये रंगकामाचे म्हणून कापून घेतले. तसे कलम करारात होते. आपल्याकडे सर्वांच्याच करारात असते. प्रत्यक्षात मी रंग दिला नाही. भिंती बऱ्या होत्या, नवा भाडेकरू लगेच मिळाला. तो शिक्षक एक शब्दही बोलला नाही. उलट जाताना पेढे देऊन गेला. वून्सेलमध्ये अनामतीविषयीचा नियम वाचताना हे मला एकदम आठवले. तेथे अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही. घर सोडल्यावर ती १४ दिवसांत परत द्यायची. काही कापायचे असेल तर ३० दिवसांच्या आत, आणि काय कापले त्याचा तपशीलवार लेखी हिशेब देऊन. वापराने होणारी नेहमीची झीज त्यात धरता येत नाही. आयुष्यभर लोकांच्या पै-पैचा हिशेब ठेवला. त्या १५,००० रुपयांचा हिशेब मी कोणालाच दिला नव्हता. सांगलीस परतल्यावर त्या शिक्षकांचा पत्ता शोधून रक्कम त्यांच्या खात्यावर भरली. त्यांचा फोन आला. काहीतरी चुकून जमा झाले आहे, असे ते म्हणत होते. समजावून सांगताना माझी जी अवस्था झाली ती येथे लिहीत नाही.

निकाल सप्टेंबरात आला. गुण १४८, भाडे ९४० युरोंच्या आत, आणि तेही करार सुरू झाला त्या दिवसापासून. आधी गेलेली जादा रक्कम पुढील भाड्यातून वळती झाली. मालकांनी घर अद्याप विकलेले नाही. नाताळात त्यांचे शुभेच्छापत्र आले, त्यावर नातीचेही नाव होते.

पत्रलेखकांच्या राहिलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे. एजंट मालकाचे काम करीत असेल तर त्याला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही. मागितल्यास कायद्याचा उल्लेख करून नम्रपणे नकार द्यावा. मालकाविषयी गंभीर तक्रार असेल तर प्रत्येक नगरपालिकेत त्यासाठी नोंदकेंद्र असते आणि तेथे इंग्रजीत बोलता येते. आहाराविषयी ज्यांनी विचारले त्यांना सांगतो की शाकाहारी पदार्थ दुकानांत सहज मिळतात. कांदा-बटाटा टाळणाऱ्याला मात्र पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावावी लागते. वून्सेलपासून दोन तासांच्या आत बेल्जियममधील अँटवर्पजवळ विल्रिक येथे हिरेव्यापारी बांधवांनी उभारलेले जिनमंदिर आहे. नातीला घेऊन मुले तेथे जाऊन आली.

पुढील अंकात मृत्युपत्र आणि वारसनोंद यांतील फरक, जो मागील वेळी अर्धवट राहिला होता.